गिअर टाकताना करकर वाजतं? मॅन्युअल गाडीवाल्या मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिअर टाकताना ‘कर्रर्र’ असा आवाज आला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर काचा वर करून दुर्लक्ष करतात, नाहीतर थेट गॅरेजला जाऊन ‘गिअरबॉक्स गेला’ असं स्वतःच जाहीर करतात. दोन्हीत नुकसान आहे. हा आवाज कुठल्या गिअरला, कुठल्या वेळी, गाडी थांबलेली असताना की चालती असताना येतो, एवढं नीट पाहिलं तर निम्मं निदान गॅरेजची पायरी चढण्याआधीच होतं. पुष्कळदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच, क्लचमध्ये असतो.

हा आवाज नेमका कशाचा असतो?

आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या (पहिला, दुसरा वगैरे) गिअरची चाकं एकमेकांत कायमची अडकलेलीच असतात. तुम्ही दांडा हलवता तेव्हा गिअरची चाकं सरकत नाहीत. सरकतो तो शाफ्टवरचा, म्हणजे गिअरबॉक्समधल्या फिरत्या लोखंडी कांबीवरचा, एक कडीसारखा भाग, स्लीव्ह. हव्या त्या गिअरच्या बाजूला बारीक टोकदार दात असतात, त्यांत ही स्लीव्ह जाऊन बसते. पण बसण्याआधी दोघांचा फिरण्याचा वेग एक व्हावा लागतो. ते काम सिंक्रो रिंग करते. ही बहुतेकदा पितळेची असते. गिअरच्या निमुळत्या भागावर घासून ती वेग जुळवते, आणि जुळेपर्यंत स्लीव्हला पुढे जाऊ देत नाही. ही योजना मोटारीत पहिल्यांदा आली १९२८ साली, कॅडिलॅकमध्ये.

वेग जुळायच्या आतच स्लीव्हचे दात गिअरच्या त्या बारीक दातांवर आपटले की करकर होते. याची कारणं दोनच. सिंक्रो रिंगला तिचं काम जमत नाही, किंवा क्लच पूर्ण न सुटल्यामुळे इंजिन शाफ्टला मागून फिरवतच राहतं आणि रिंगने कितीही ओढलं तरी तो आवरत नाही.

मी नुकतीच गाडी शिकतोय. दर दोन-चार वेळा कर्र होतं. गाडी बिघडली का?

नाही. तुमचा पाय क्लच पूर्ण दाबायच्या आत हात दांडा ढकलतोय, एवढंच. सीट अर्धा-एक खाच पुढे घ्या. क्लच तळाशी टेकला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून, बोटांच्या टोकांनी क्लच दाबणाऱ्याचा तो कधीच पूर्ण दाबला जात नाही. आणि दांड्यावर मूठ आवळू नका. तळव्याने, बेताने ढकला. न्यूट्रलमध्ये आला की क्षणभर थांबून मग पुढे. शिकताना पाच-पंचवीसदा आवाज झाल्याने गिअरबॉक्स मरत नाही. रोज, वर्षानुवर्षं झाला तर मरतो. शिकवणारे सर ओरडले तरी घाबरून घाई करू नका, घाईनेच आवाज येतो.

फक्त रिव्हर्सला वाजतो. बाकी सगळे गिअर लोण्यासारखे पडतात.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर दिलासा देणारं आहे. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. तिथे दात थेट दातांत सरकतात, त्यामुळे शाफ्ट पूर्ण थांबलेला असावा लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना तो शाफ्ट फिरत असतो, आणि क्लच दाबल्यावरही स्वतःच्या वेगाने दोन-चार सेकंद फिरत राहतो. नेमक्या त्याच वेळात आपण रिव्हर्स ढकलतो.

आपल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये हे रोज घडतं. मागे वॉचमन शिट्टी मारतोय, बाजूला रिक्षा उभी, गेटमधून दुसरी गाडी आत येतेय. गाडी अजून चार बोटं पुढे सरकत असतानाच हात रिव्हर्सकडे जातो. गाडी पूर्ण थांबवा. क्लच तळापर्यंत दाबा. मनात तीनपर्यंत मोजा. मग रिव्हर्स टाका.

घाई असेल तर एक जुनी, खरोखर उपयोगाची युक्ती आहे: क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला किंवा दुसरा गिअर टाका, आणि तिथून लगेच रिव्हर्स. पुढच्या गिअरचा सिंक्रो तो फिरणारा शाफ्ट थांबवून देतो. वाट पाहून किंवा ही युक्ती करून आवाज गेला तर गाडीत काही दोष नाही.

इतकं करूनही वाजलाच, तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा, हे मला घरी कळेल का?

कळेल, आणि पाना हातात न घेता कळेल. सपाट जागा बघा, पुढे-मागे मोकळं असू द्या, हँडब्रेक ओढा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा.

आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा पटकन पडला नाही तर क्लच सोडून पुन्हा दाबा, कधीकधी दात समोरासमोर येतात. सगळे आरामात पडले तर दांडा, केबल, स्लीव्हला सरकवणारे आतले फोर्क साधारण ठीक आहेत. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर अडत असेल, दांडा लुळा पडला असेल किंवा भलत्याच बाजूला जात असेल, तर गिअर शिफ्टरची केबल किंवा तिचे बुश (सांध्यातले छोटे तुकडे) बघायला सांगा. ते काम बाहेरूनच होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

आता इंजिन चालू करा. न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच सोडा. मग क्लच तळापर्यंत दाबा, पाचपर्यंत सावकाश मोजा आणि रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात शाफ्ट थांबायलाच हवा. तरीही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. मेकॅनिकच्या भाषेत, क्लच ‘कट’ होत नाहीये. तुमच्या गाडीत रिव्हर्सलाही सिंक्रो असेल तर करकरीऐवजी दांडा नुसता अडेल, अर्थ तोच.

आणखी एक खूण. क्लच पूर्ण दाबलेला असताना पहिला गिअर टाकताच गाडी किंचित पुढे ओढ घेते का, इंजिनचा आवाज जरा दबतो का ते बघा. तसं होत असेल तर शंका उरत नाही.

शेवटी क्लचचं पेडल भराभर चार-पाच वेळा दाबा आणि दाबून धरून गिअर टाका. आता सहज पडला? मग हायड्रॉलिक लाइनमध्ये, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या फ्लुइडच्या नळीत, हवा आहे किंवा कुठेतरी गळती आहे. ही एक गोष्ट मेकॅनिकला सांगितलीत तर त्याचा तासभर वाचेल आणि तुमचे पैसे.

क्लच पूर्ण का सुटत नसेल?

सर्वात आधी खाली वाका आणि मॅट बघा. हे मी गंभीरपणे सांगतोय. पावसाळा लागला की कंपनीच्या मॅटवर जाड रबरी मॅट, त्यावर चिखलासाठी वर्तमानपत्र, असे थर चढतात. मॅट पुढे सरकून पेडलखाली गोळा झाली की पेडल बोटभर आधीच थांबतं. ते बोटभर अंतरच क्लचला हवं असतं. मॅट काढून गाडी चालवून बघा. मॅट पेडलखाली सरकणं ब्रेकच्या दृष्टीने तर त्याहून धोक्याचं आहे, त्यामुळे तिचे हूक लावूनच ठेवा.

मग बघायचं ते तुमचा क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक. मारुती ८००सारख्या अनेक छोट्या गाड्या केबलवर चालतात. केबल ताणली जाते, तिच्या तारा एकेक करून तुटतात, पेडलचा मोकळा खेळ वाढतो. खेळ वाढला की दाबलेल्या पेडलचा पहिला भाग फुकट जातो आणि शेवटी क्लच पूर्ण सुटत नाही. ॲडजस्टमेंट असेल तर नट फिरवून काम होतं. मात्र पेडल एकाएकी जड झालं असेल, दाबताना कचकच लागत असेल, तर ॲडजस्ट करत बसू नका, केबल बदला. तारा तुटत आलेली केबल कधी जाईल ते सांगून जात नाही, आणि ती ईस्टर्न फ्रीवेवर गेली तर उभं राहायलाही धड जागा मिळत नाही.

हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेक फ्लुइडच असतं, आणि पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते. पातळी बघा. कमी असेल तर नुसती टॉप-अप करून विसरू नका, ते गेलं कुठे ते शोधा. पेडलच्या वर डॅशबोर्डखाली हात घालून मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबला जाणारा, फ्लुइड पुढे ढकलणारा भाग) दांड्याभोवती बोट फिरवा. बोट ओलं, चिकट झालं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. दुसरी जागा गिअरबॉक्सकडची, त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आतच असतो, मग गळती बाहेरून सहज दिसत नाही. फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. दोन वर्षांनी ते बदलून घेणं आणि लाइनमधली हवा काढणं हा खर्च फार नाही. बाटलीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच घाला. आणि हे फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उखडतं, लगेच पाण्याने धुवा.

तिसरं कारण खास आपल्या हवेचं. गाडी महिनाभर खाली उभी राहिली, जून-जुलै गेला, आणि सुरू केल्यावर एकही गिअर पडेना. दमट हवेत क्लच प्लेटला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी चकत्या, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट, गंजतात आणि क्लच प्लेट त्यांना चिकटून बसते. २०२०च्या टाळेबंदीत बंद राहिलेल्या गाड्यांत हा प्रकार पुष्कळांनी पाहिला. क्लच दाबून, गिअरमध्ये ठेवून, गाडीला झटके देऊन तो सोडवतात खरा, पण हे इमारतीच्या पार्किंगमध्ये, समोर खांब असताना करायचं काम नाही. प्लेट सुटते त्या क्षणी गाडी कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं. मेकॅनिकला जागेवर बोलवा. आणि पुढच्या वेळी गाडी उभी ठेवायची असेल तर आठवड्यातून एकदा कुणाला तरी ती खरोखर चालवायला सांगा. नुसतं इंजिन सुरू करून बंद केल्याने क्लचला काही फायदा नाही.

बाकी कारणं आतली: वाकलेली क्लच प्लेट, प्रेशर प्लेटची झिजलेली बोटं, क्लचचा फोर्क, कोरडे पडलेले किंवा गंजलेले स्प्लाइन (शाफ्टवरच्या ज्या खाचांवर क्लच प्लेट सरकते त्या). यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो.

मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट संपली, म्हणून गिअर वाजतो. खरं का?

जरा थांबा आणि एक विचारा. गाडी स्लिप होतेय का? म्हणजे पेडर रोडचा चढ चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी उचलत नाही, जळका वास येतो, असं? क्लच प्लेटचं अस्तर झिजलं की क्लच धरत नाही. गिअर वाजतो तो क्लच सुटत नाही म्हणून. ही दोन उलटी दुखणी आहेत. हाफ क्लचवर तापवून प्लेट वाकली असेल तर दोन्ही एकदम होऊ शकतात, पण ‘गिअर वाजतो’ एवढ्यावरून पूर्ण क्लच सेट बदलायला हो म्हणू नका. वरची तपासणी आधी करून घ्या.

एकदा गिअरबॉक्स खाली आलाच, की मग कंजुषी करू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की प्रेशर प्लेटवर टेकणारं) एकत्र बदला. मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते. एखादा भाग वाचवून तीच मजुरी वर्षभरात पुन्हा देण्यात अर्थ नाही.

एकच गिअर वाजतो, दुसरा. बाकी ठीक.

एकच पुढचा गिअर वाजत असेल आणि वरच्या तपासणीत क्लच नीट निघाला असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीये. क्लचचा दोष असता तर थोडाफार सगळीकडे जाणवला असता. शहरात दुसऱ्याचा नंबर आधी लागतो, कारण एलबीएस मार्गावर किंवा घोडबंदरला तासभरात तो शेकडो वेळा पडतो, वरूनही आणि खालूनही.

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना जास्त वाजतो की पहिल्यावरून जाताना, तेही लक्षात ठेवा. खाली येताना रिंगला शाफ्टचा वेग वाढवावा लागतो, ते जड काम आहे, म्हणून झीज आधी तिथे कळते. गाडी आणखी थोडी हळू होऊ द्या आणि मग दुसरा टाका, आवाज बराच कमी होईल. रिंग त्याने नवी होणार नाही, पण दात वाचतील.

ट्रॅफिकमध्ये गाडी सरकत असताना पहिला टाकला की वाजतो किंवा जातच नाही.

जात नाही हे चांगलं आहे, सिंक्रो त्याचं काम करतोय. साध्या पेट्रोल गाडीत ताशी २० किलोमीटरला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास असतं. त्याच वेगाला पहिला टाकायचा तर शाफ्टला अडीच-तीन हजारांपर्यंत न्यावं लागतं, आणि तुम्ही ते काम पितळेच्या एका पातळ रिंगकडून अर्ध्या सेकंदात करून मागताय.

सायनच्या सिग्नलला गाड्या रांगेत सरकताना सोपा नियम ठेवा: चाक फिरतंय तोवर दुसरा, चाक थांबलं की पहिला. अगदी माणसाच्या चालीने सरकत असाल तर पहिला चालेल, पण जोर लावून नाही. आणि दोन कामांच्या मध्ये डावा हात दांड्यावरून काढून स्टिअरिंगवर ठेवा. हाताचं वजन दांड्यावरून आत फोर्कवर जातं आणि फोर्क फिरत्या स्लीव्हला सतत घासत राहतो. क्लचवर टेकवलेला पाय रिलीज बेअरिंगचं तेच करतो.

गिअर ऑइल बदलल्याने आवाज जाईल का?

कधीकधी खूप फरक पडतो, कधी अजिबात नाही. ऑइल कमी झालं असेल, वर्षानुवर्षं बदललंच नसेल, किंवा चुकीचं घातलं असेल तर नक्की बदला. छोट्या गाडीत ते दोन लिटरच्या आसपास लागतं.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ‘जाड ऑइल टाकतो, आवाज बंद होईल’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. पुष्कळ मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०सारखं ऑइल लागतं. दुकानात हाताशी असतं ते बहुधा डिफरन्शियलसाठीचं जीएल-५. त्यातली जास्त दाबासाठीची रसायनं काही ऑइलमध्ये पितळेला बाधतात. शिवाय ते ऑइल इतकं निसरडं असतं की सिंक्रो रिंगला पकडच मिळत नाही, आणि सिंक्रोचं सगळं काम तर घर्षणावर आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. काही गाड्यांना कंपनीचंच खास ऑइल लागतं, तिथे पर्याय शोधू नका. आवाज घालवणाऱ्या बाटल्याही नकोत.

ऑइल काढताना तिथे उभे राहा. पहिली धार बोटावर घ्या आणि उन्हात बघा. बारीक सोनेरी चमक थोडी असणारच, ती रिंगची नेहमीची झीज. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर करडा लेप बसलेला असतो, तोही चालतो. पण बोटांत टोचणारे तुकडे, दाताचं टोक, पत्र्याच्या सालीसारखं काही निघालं तर नवीन ऑइल भरून गाडी घरी नेऊ नका. गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली आहे.

पाण्यातून गाडी काढल्यावर गिअर वाजायला लागले.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल. दर पावसाळ्यात ही नावं यादीत असतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकांनी गाड्या जागेवर सोडल्या. तेवढा पाऊस लागत नाही, गुडघाभर पाणीही गिअरबॉक्सला पुरतं.

गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक छोटी नळी असते, ब्रीदर. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी त्या नळीतून किंवा जुन्या ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की समजा. असं ऑइल सिंक्रोला सांभाळत नाही आणि बेअरिंगला गंज चढवतं. ते त्याच आठवड्यात बदला, आणि थोडं चालवून पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या वेळी सगळं निघत नाही. पाणी क्लच हाउसिंगमध्येही जातं आणि स्प्लाइन गंजवतं. म्हणून पूर ओसरल्यावर गाडी पुसून उभी करून ठेवणं सगळ्यात वाईट.

सकाळी पहिल्या दहा मिनिटांत दुसरा अडतो, मग ठीक होतो.

थंड ऑइल घट्ट असतं. मुंबईच्या हवेत हा त्रास जास्त जाणवत असेल तर ऑइलची ग्रेड तपासा, बहुधा हवं त्यापेक्षा जाड घातलंय. पहिला एक-दीड किलोमीटर दांड्यावर जोर लावू नका.

आवाज येतो, पण गिअर टाकताना नाही.

मग ती करकर नाही, वेगळं दुखणं आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच किर्र सुरू होते: रिलीज बेअरिंग. गाडी चालताना वेगाबरोबर वाढणारी कण्हल्यासारखी शीळ असेल तर आतलं बेअरिंग, नाहीतर चाकाचं. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येत असेल तर दात किंवा फोर्क झिजलेत, किंवा माउंटिंग गेलंय. हा शेवटचा प्रकार धोक्याचा आहे, उतारावर गिअर निसटला तर इंजिन गाडीला आवरून धरतं तो आधार जातो.

तशीच चालवली तर किती दिवस चालेल?

दोष क्लचचा असेल तर लगेच दुरुस्त करा. तो एकटा राहत नाही, प्रत्येक गिअरला सगळ्या सिंक्रो रिंगा झिजवत बसतो. केबल किंवा सिलिंडरच्या खर्चात सुटणारं काम काही महिन्यांत गिअरबॉक्सच्या खर्चावर जातं.

एकाच गिअरची रिंग झिजली असेल आणि तुम्ही सांभाळून टाकत असाल, तर गाडी बराच काळ चालते. पण आवाज येतोय तोवर दातांची टोकं बोथट होत असतात. आज रिंगवर भागणारं उद्या रिंग, स्लीव्ह आणि गिअर असं तिघांवर जातं.

डबल क्लचिंग म्हणजे काय? त्याने फरक पडतो का?

झिजलेल्या सिंक्रोसाठी तात्पुरता, पण चांगला उपाय. वर जाताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबा, पुढचा गिअर. खाली येताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन इंजिन वाढवा, क्लच दाबा, खालचा गिअर. वेग जुळवण्याचं रिंगचं काम तुम्ही पायाने करता. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर सराव करा, संध्याकाळच्या वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नको.

आपल्या जुन्या टॅक्सीवाल्यांना हे हाडात भिनलेलं होतं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या फियाटला, म्हणजे पुढे पद्मिनी नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीला, स्टिअरिंगवरचा दांडा होता आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर हाच मार्ग. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. ती चालवणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या शेजारी बसून डबल क्लच शिका, दुसरा तसा गुरू मिळायचा नाही.

गॅरेजमध्ये काय सांगू? गिअरबॉक्स उघडायचा ठरला तर काय बघू?

‘गिअर वाजतो’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘इंजिन गरम झाल्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना वाजतो. रिव्हर्स पाच सेकंद थांबून टाकला तर वाजत नाही. पेडल पंप करून फरक पडत नाही.’ आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तो आवाज काढून दाखवा. जो चालवून न बघता किंमत सांगतो त्याच्याकडे गाडी सोडू नका.

उघडल्यावर एकदा जाऊन या. रिंग तिच्या गिअरवर दाबून बसवली की रिंग आणि दातांमध्ये जी फट राहते ती फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजतात. फट कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर रिंग संपली. नव्या रिंगबरोबर स्लीव्ह आणि त्या गिअरचे छोटे दातही बघायला सांगा. टोकं गोल झालेली असतील तर नुसती रिंग बदलून महिन्याभरात आवाज परत येतो. ऑइल सील सगळे नवे घाला. जुने भाग परत मागा, यात संकोच करू नका, चांगला कारागीर स्वतःच आणून दाखवतो.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना गिअरबॉक्स मिळतो. घ्यावा का?

गाडी जुनी असेल आणि नव्या भागांची बेरीज गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर विचार करायला हरकत नाही. घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, वर-खाली हलवून खेळ बघा, प्रत्येक गिअर टाकून बघा. आत उरलेलं ऑइल बाहेर काढायला लावा, वर सांगितलं तसं बोटावर घेऊन. मॉडेल, साल आणि इंजिन जुळतंय ना ते तुमच्या मेकॅनिकला तिथेच दाखवा, एकाच नावाच्या गाडीत रेशो वेगळे असतात. आणि पावती घेतल्याशिवाय काही उचलू नका.

विम्यात मिळेल का?

झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार विम्यात येत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आवाज पहिल्यांदा आला तेव्हाच सर्व्हिस सेंटरला जाऊन जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं वॉरंटी संपल्यावर कुणाला आठवत नाही.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाडीत हा त्रास होतो का?

एएमटीच्या आतही मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त दाबायचं आणि ढकलायचं काम यंत्र करतं. त्यामुळे झीज तीच. पण तिथे तुमच्या हातात काही नसतं, क्लचचं सेटिंग स्कॅनर लावूनच करावं लागतं.

सेकंडहँड गाडी घेतोय. गिअरबॉक्स कसा तपासू?

गाडी तुम्ही पोचायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, थंड बघा. पाच सेकंदांची रिव्हर्सची तपासणी आधी करा. मग मोकळ्या रस्त्यावर पहिल्यावरून दुसरा जरा झटकन टाका, चाळीसच्या वेगाला तिसऱ्यावरून दुसरा. विकणारे हळुवार टाकून दाखवतात, म्हणून स्वतः चालवा आणि म्युझिक सिस्टीम बंद ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा, दांडा उडी मारून न्यूट्रलला आला तर तो सौदा तिथेच थांबवा. शेवटी गाडी उभी होती त्या जागी परत जाऊन खाली बघा: पुढच्या चाकांच्या मधोमध, जरा बाजूला, जिथून ॲक्सल बाहेर येतो त्याच्याखाली तेलाचा ताजा डाग आहे का.